पिप आतून कसं चालतं, हे लिहून कसं ठेवायचं: सोलापुरातल्या नव्या मंडळींसाठी

पायथन शिकणाऱ्या प्रत्येकाने 'पिप इन्स्टॉल' ही कमांड दिलेली असते. पिप म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, बसवणारं साधन. वालचंद इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये, विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात किंवा जुळे सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करताना, सगळीकडे तेच. पडद्यावर ओळी सरकतात आणि लायब्ररी बसते. पण त्या दरम्यान आत काय घडलं, हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'डाउनलोड झालं आणि बसलं' इथेच थांबतं. ज्यांना याहून जास्त माहीत असतं, त्यांनी ते डोक्यातच ठेवलेलं असतं.

ते डोक्यातून कागदावर कसं आणायचं, हे इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण पिपचंच घेतलं आहे. ते मुक्तस्रोत आहे, पायथन ३.४ पासून म्हणजे २०१४ पासून पायथनसोबतच येतं आणि त्याचा कोड पायथनमध्येच असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही वाचता येतो. शिवाय अशा कामासाठी पुण्या-बेंगळुरूला जावं लागत नाही. लॅपटॉप आणि बऱ्यापैकी नेट असलं की सोलापुरातून थेट मूळ प्रकल्पात हातभार लावता येतो.

आधी ठरवा, वाचणारा कोण?

सॉफ्टवेअरचं लिखाण चार प्रकारचं असतं, असं डॅनिएले प्रोचिदा यांनी त्यांच्या 'डायटॅक्सिस' या मांडणीत सांगितलं आहे: शिकवणारं, विशिष्ट काम कसं करायचं ते सांगणारं, संदर्भासाठीचं आणि समजावून सांगणारं. साधनाची अंतर्गत रचना मांडणारा मजकूर या चौथ्या प्रकारात येतो. त्यात कमांडचे पर्याय सांगत बसायचं नसतं. वाचणारा पुढच्या आठवड्यात एखादा बग सोडवायला त्या कोडमध्ये उतरणार आहे, आणि तुम्ही त्याच्यासाठी लिहिताय.

सोलापुरी चादरीचं उदाहरण घ्या. जॅकार्ड मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे पुरतात. ते लावले की नक्षी विणली जाते. पण नक्षी बदलायची असेल तर पुठ्ठ्यांच्या भोकांकडे बघून कुणी बदलत नाही, त्यासाठी चौकटीच्या कागदावर काढलेलं मूळ डिझाइन लागतं. कोड म्हणजे पुठ्ठे. आपण तो चौकटीचा कागद तयार करणार आहोत.

एक गोष्ट मजकुराच्या अगदी वरच लिहा: हे पिपवर काम करणाऱ्यांसाठी आहे, पिपचा अंतर्गत कोड स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये वापरू पाहणाऱ्यांसाठी नाही. पिपचे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी मंडळी, हे स्वच्छ सांगतात. तो कोड ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या नावातच 'इंटर्नल' आहे आणि तो कुठल्याही आवृत्तीत बदलू शकतो. ही सूचना नसेल तर तुमचा लेख वाचून कुणीतरी त्या कोडवर आपलं घर बांधेल आणि पुढच्या आवृत्तीत ते कोसळेल.

एकच कमांड धरा आणि तिच्या मागे जा

अख्खा कोड वाचून मग लिहीन, असं ठरवलंत तर काम सुरूच होणार नाही. एक नवी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (बाकी मशीनपासून वेगळी ठेवलेली पायथनची जागा) बनवा आणि तिच्यात 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी बसवा. एकच मागितली तरी पाच पॅकेजेस बसतील, कारण रिक्वेस्ट्सला आणखी चार लागतात: सर्टिफाय, चारसेट-नॉर्मलायझर, आयडीएनए आणि यूआरएललिब३. तुम्ही फक्त एक नाव दिलं होतं. उरलेली चार पिपला कुणी सांगितली, आणि नेमकी कधी?

हे शोधायला पिपकडेच सोयी आहेत. 'व्हर्बोज' पर्याय तीनदा दिला की ते जवळपास सगळं बोलून दाखवतं. 'ड्राय-रन' दिलं की प्रत्यक्ष काही न बसवता काय बसवलं असतं ते सांगतं. 'रिपोर्ट' दिलं की तीच माहिती जेसन या, प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या स्वरूपात मिळते. हे शेवटचे दोन पर्याय २०२२ साली २२.२ या आवृत्तीत आले. आणखी खोलात जायचं तर पायथनच्या डीबगरमधून पिप चालवा, इन्स्टॉल कमांडच्या 'रन' या फंक्शनवर थांबा आणि एकेक ओळ पुढे सरका.

सरकताना वही जवळ ठेवा. फंक्शनची नावं उतरवू नका, ती उद्या बदलतील. 'या क्षणी पिपला काय माहीत आहे' एवढंच लिहीत चला. पुढचा सगळा लेख याच वहीवर उभा राहणार आहे.

प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारा

पिपच्या मजकुरातच इन्स्टॉलचे चार टप्पे दिलेले आहेत: काय हवं आहे ते ओळखणं, डिपेंडन्सी (त्या पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) सोडवणं, व्हील (थेट बसवता येईल अशी पॅकेजची तयार फाइल) तयार करणं आणि शेवटी बसवणं. नवा लेखक हे चार टप्पे चार चौकटींत घालतो, मधे बाण काढतो आणि काम झालं म्हणतो. असा मजकूर वाचून कुणालाही बग सोडवता येत नाही, कारण चौकटी काय करतात ते कोडमध्येही दिसतं. प्रत्येक टप्प्याला काय माहीत असतं, ते त्याला कधी कळतं आणि काय त्याच्यापासून मुद्दाम दूर ठेवलेलं असतं, ही माहिती कोडमधून सहज दिसत नाही. पॅकेज बसवणाऱ्या साधनाची रचना म्हणजे माझ्या मते मुख्यतः हीच माहिती.

सुरुवात फाइल शोधणाऱ्या भागापासून करू. तो इंडेक्सकडे, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन यादीकडे जातो. इंडेक्सचं मूळ रूप २०१५ साली ठरलेलं आहे आणि अगदी साधं आहे: एका पॅकेजचं एक पान आणि त्यावर फाइलींच्या लिंका. या भागाला दिसतात मुख्यतः फाइलींची नावं. पण व्हीलचं नाव काळजीपूर्वक बांधलेलं असतं. पॅकेजचं नाव, आवृत्ती, कोणतं पायथन, कोणती बायनरी जुळणी आणि कोणता प्लॅटफॉर्म, हे सगळं त्यात असतं. त्यामुळे फाइल न उघडताच 'ही इथे चालणार नाही' हे ठरवता येतं.

याचा प्रत्यक्ष उपयोग आपल्याकडच्या लॅबमध्ये होतो. लॅबचं नेट संथ असलं की कुणीतरी घरून पॅकेजेस डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर आणतं. घरचा लॅपटॉप लिनक्सचा, लॅबमधलं मशीन विंडोजचं. नमपाय ही गणिताची लायब्ररी बसत नाही आणि 'जुळणारी आवृत्ती सापडली नाही' असा संदेश येतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते! रचना माहीत असेल तर कारण लगेच कळतं: फाइलीच्या नावात लिनक्स लिहिलं आहे, म्हणून शोधणाऱ्या भागाने ती विचारातच घेतली नाही. डाउनलोड करताना दुसरा प्लॅटफॉर्म सांगायची सोय पिपमध्ये आहे, पण तेव्हा डिपेंडन्सींसकट सगळं हवं असेल तर 'फक्त तयार व्हीलच घे' असंही सांगावं लागतं. याचंही कारण रचनेतच आहे. सोर्समधून, म्हणजे पॅकेजच्या मूळ कोडमधून, व्हील बनवायची वेळ आली तर ते याच मशीनवर, याच मशीनसाठी बनेल. तुमच्या लेखात असं एखादं उदाहरण असलंच पाहिजे, जिथे रचना कळल्यामुळे रोजचं कोडं सुटतं.

आता रिझॉल्व्हर, म्हणजे डिपेंडन्सी सोडवणारा भाग. नवे लेखक बहुतेक इथेच चुकीचं चित्र काढतात: आधी डिपेंडन्सी सोडवा, मग सगळं डाउनलोड करा. ऐकायला बरोबर वाटतं. पण शोधणाऱ्या भागाला मुख्यतः नावंच दिसतात, आणि रिक्वेस्ट्सला कोणत्या चार लायब्रऱ्या लागतात हे फाइलीच्या नावात नसतं. ते व्हीलच्या आत, मेटाडेटा नावाच्या फाइलीत असतं. म्हणजे सोडवता सोडवताच माहिती आणत राहावं लागतं. दोन्ही कामं एकमेकांत विणलेली आहेत. व्हील नसेल, नुसता सोर्स असेल, तर आणखी कठीण: डिपेंडन्सी कळण्यासाठी त्या पॅकेजचा बिल्ड कोड चालवावा लागू शकतो. पुढे इंडेक्सने मेटाडेटा वेगळा द्यावा अशी सोय ठरवली गेली, त्यामुळे बऱ्याच वेळा पूर्ण व्हील आणण्याची गरज उरली नाही. पण माहिती उशिरा कळते, हा मूळ पेच तसाच आहे.

'पिप इतका वेळ का घेतंय, एकाच लायब्ररीच्या जुन्या-जुन्या आवृत्त्या का उतरवतंय' या तक्रारीचं उत्तरही इथेच आहे. रिझॉल्व्हर एक आवृत्ती निवडतो, तिचा मेटाडेटा आणतो, आधीच्या अटींशी विरोध आला की मागे फिरतो आणि दुसरी आवृत्ती धरतो. अटी एकमेकींत अडकल्या की हा शोध फार लांबू शकतो. डिपेंडन्सी सोडवणं ही समस्या एनपी-कम्प्लीट वर्गातली आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी युक्ती कुणाच्या हाती लागलेली नाही. २०२० च्या अखेरीस आलेल्या २०.३ आवृत्तीपूर्वीचा रिझॉल्व्हर मागे फिरतच नसे. एखाद्या पॅकेजची जी अट आधी दिसली ती धरून पुढे जायचा, आणि एकमेकांशी न पटणारी पॅकेजेस शेजारी बसवून मोकळा व्हायचा. नवा रिझॉल्व्हर जास्त वेळ घेऊ शकतो, पण विसंगत संच बसवायला नकार देतो. हा बदल का केला, कशाच्या बदल्यात केला, हे तुमच्या मजकुरात आलं पाहिजे. नाहीतर कुणीतरी वेग वाढवण्याच्या उत्साहात जुनीच चूक नव्याने आणेल.

बिल्डचा टप्पा थोडक्यात: व्हील कसं बनवायचं हे पिपला माहीत नाही, आणि मुद्दामच नाही. पूर्वी सेटअपची पायथन फाइल चालवणं हा एकच मार्ग होता, त्यामुळे पिप आणि सेटअपटूल्स हे बिल्डचं साधन एकमेकांना बांधलेले होते. नंतर ठरलेल्या मानकांनुसार प्रकल्प आपल्या 'पायप्रोजेक्ट' फाइलीत कोणता बॅकएंड, म्हणजे व्हील बनवणारं साधन, वापरायचा ते सांगतो. पिप एक वेगळी तात्पुरती एन्व्हायर्नमेंट तयार करतं, तिच्यात तो बॅकएंड बसवतं आणि व्हील मागतं. सेटअपटूल्स असो, फ्लिट असो की हॅचलिंग, पिपच्या दृष्टीने सगळे सारखेच.

आणि बसवणं? व्हील ही झिप फाइल असते. ती उलगडून योग्य जागी ठेवायची, चालवता येणाऱ्या कमांडसाठी छोट्या स्क्रिप्ट तयार करायच्या आणि 'रेकॉर्ड' या फाइलीत कोणकोणत्या फाइली ठेवल्या ते हॅशसकट (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेसकट) लिहायचं. अनइन्स्टॉल करताना पिप हीच यादी वाचतं. व्हील बसवताना पॅकेजच्या लेखकाचा कोणताही कोड चालत नाही, तशी सोयच या स्वरूपात नाही. सोर्समधून बिल्ड करताना मात्र चालतो. सुरक्षेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, आणि तो स्पष्ट लिहिलेला असला तर वाचणाऱ्याचं खरं रक्षण होतं.

शेजारच्या साधनाकडे एकदा बघून या

एकाच साधनात फार दिवस राहिलं की त्याची प्रत्येक गोष्ट अटळ वाटायला लागते. म्हणून तोच प्रश्न दुसऱ्या साधनाला विचारा. डेबियन या लिनक्समध्ये डीपीकेजी हा प्रोग्रॅम आपल्या मशीनवर असलेली फाइल बसवतो. ती कुठून आणायची हे त्याला माहीत नाही, ते एपीटीला माहीत असतं. म्हणजे पिपमध्ये एकाच छताखाली असलेली कामं तिथे दोन प्रोग्रॅममध्ये वाटलेली आहेत. डेबियनच्या पॅकेजला बसवण्याआधी आणि नंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट देता येतात, व्हीलला येत नाहीत. जावास्क्रिप्टचं एनपीएम एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत एकत्र नांदू देतं. पिपच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहते, म्हणून पिपच्या रिझॉल्व्हरला जास्त झगडावं लागतं. अशी दोन-तीन वाक्यं लेखात घातली की कोणती गोष्ट निवडलेली आहे आणि कोणती खरोखर अपरिहार्य, हे वाचणाऱ्याला दिसतं.

'का' शोधायचा कुठे?

काय चाललंय ते कोड सांगतो, कारण मात्र इतरत्र विखुरलेलं असतं. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) त्या ओळीचा इतिहास बघा, ज्या पुल रिक्वेस्टमधून, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीतून, ती आली ती उघडा आणि तिच्याखालची चर्चा पूर्ण वाचा. पायथनच्या बाबतीत मोठे निर्णय पेप या क्रमांकित प्रस्तावांमध्ये असतात, आणि त्यात बऱ्याचदा 'नाकारलेले पर्याय' असा भाग असतो. तो आवर्जून वाचा.

एक उदाहरण करून बघण्यासारखं आहे. पिपच्या कोडमध्ये 'व्हेंडर' नावाचा एक फोल्डर आहे आणि त्यात रिक्वेस्ट्ससारख्या दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या जवळपास जशाच्या तशा ठेवलेल्या आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे चुकीचं वाटतं. कॉलेजमध्ये तर शिकवलेलं असतं की दुसऱ्याचा कोड उचलून आपल्यात ठेवू नका. पण विचार करा: पिपच्या स्वतःच्या डिपेंडन्सी बसवायला पिपच लागेल, आणि ते तर अजून बसलेलंच नाही. शिवाय त्या लायब्रऱ्या वापरकर्त्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये असत्या, तर त्याने चुकून रिक्वेस्ट्स बिघडवली की ती दुरुस्त करणारं पिपही त्याच वेळी बंद पडलं असतं.

असे निर्णय नोंदवण्यासाठी मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये एक सुटसुटीत पद्धत सुचवली: शीर्षक, स्थिती, परिस्थिती, निर्णय आणि परिणाम. वरचं उदाहरण तिच्यात असं बसतं. शीर्षक: डिपेंडन्सी पिपच्या आतच ठेवणे. स्थिती: लागू. परिस्थिती: पिप चालायच्या आधी काहीही बसवता येत नाही आणि वापरकर्त्याच्या पॅकेजेसवर भरवसा ठेवता येत नाही. निर्णय: लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या ठरावीक आवृत्त्या पिपसोबतच द्यायच्या. परिणाम: पिप स्वतंत्र राहतं, पण त्या लायब्रऱ्यांत सुरक्षेची दुरुस्ती झाली की पिपची नवी आवृत्ती काढावी लागते.

परिणामांत तोटेही लिहायचे, नाहीतर ती नोंद जाहिरात होते. कारण सापडलंच नाही तर अंदाजाने भरू नका. तो प्रश्न मेंटेनरला विचारा.

चित्र

एकच काढा, आधी हाताने. चौकटींपेक्षा बाण महत्त्वाचे: प्रत्येक बाणावर त्यातून काय जातं ते लिहा. 'लिंकांची यादी', 'मेटाडेटा', 'व्हीलची फाइल'. रिझॉल्व्हर आणि डाउनलोड यांच्यामध्ये दोन्ही दिशांचे बाण हवेत. तुमचं चित्र बरोबर आहे का, याची ही सोपी कसोटी.

आधी तोंडी सांगा, मग लिहा

पिपचा मजकूर इंग्रजीत आहे आणि तुमचं अंतिम लिखाणही इंग्रजीतच द्यावं लागेल. पण विचार इंग्रजीत करायची सक्ती नाही. सोलापुरात पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्या मित्राच्या घरी कन्नड आणि वर्गात मराठी, हे नेहमीचंच आहे. रिझॉल्व्हर मागे का फिरतो, हे यातल्या कुठल्याही भाषेत मित्राला समजावून सांगा. तो जिथे 'म्हणजे?' म्हणेल तिथे खूण करा. तीच जागा लेखात कच्ची असते. मग छोट्या वाक्यांत इंग्रजी मसुदा करा. जगभर वाचणाऱ्यांपैकी अनेकांची घरची भाषा इंग्रजी नाही, त्यांना छोटी वाक्यंच हवी असतात. मराठी मसुदाही टाकून देऊ नका, पुढच्या वर्षी कॉलेजच्या गटात येणाऱ्या मुलामुलींना तो थेट देता येईल.

प्रकल्पाला कसं द्यायचं

पिपच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) योगदानाच्या सूचना आहेत, त्या आधी वाचा. मजकूर स्फिंक्स या साधनाने तयार होतो आणि तो आपल्या मशीनवर तयार करून बघण्याची कमांड नॉक्स या साधनातून दिलेली आहे. बदल पाठवण्याआधी ती एकदा चालवाच.

सुरुवातीलाच वीस पानांची पुल रिक्वेस्ट पाठवू नका. आधी एक इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची चर्चेची नोंद) उघडा किंवा असलेल्या इश्यूवर लिहा: अमुक भागाबद्दल सध्या माहिती नाही, मी इतकं इतकं लिहू इच्छितो, चालेल का? होकार आला की एकाच टप्प्याबद्दल पानभर लिहा. शोधणारा भाग सगळ्यात सोपा आहे, तिथून सुरू करा. जिथे तुमची खात्री नाही ती जागा पुल रिक्वेस्टमध्येच उघड सांगा, म्हणजे तपासणाऱ्याची नजर आधी तिथे जाते. मेंटेनर बहुतांशी आपला वेळ देऊन हे काम करतात आणि जगात कुठेही असतात. उत्तर रात्री येईल किंवा काही आठवड्यांनी. मधल्या काळात रोज आठवण करू नका.

तपासणीत 'हे बरोबर नाही' असं आलं तर आनंद माना. जो बारकावा फक्त त्या एका माणसाला माहीत होता, तो आता लेखी झाला. तो दुरुस्त करून मजकुरात घ्या.

शेवटी, पानावर आवृत्ती लिहा: हे वर्णन पिपच्या कोणत्या आवृत्तीवर तपासलं आहे. फंक्शनांपेक्षा फोल्डरांची नावं द्या, ती हळू बदलतात. नवी आवृत्ती आली की तिच्या बदलांच्या यादीत रिझॉल्व्हर, इंडेक्स किंवा बिल्ड यांचा उल्लेख आहे का बघा. असेल तर पुन्हा नवी एन्व्हायर्नमेंट बनवा, रिक्वेस्ट्स बसवा आणि वहीतल्या नोंदी एकेक करून ताडून घ्या.